पुतळी, वय वर्षे दोन

रक्त कधी खोटं बोलत नाही, असं प्रयोगशाळेच्या भिंतीवर निळ्या तेलरंगात लिहिलेलं होतं. त्या वाक्याच्या बरोबर खाली खुर्ची टाकून डॉक्टर निशिकांत सरनाईकांनी सकाळच्या एकोणचाळीस स्लाइड सतरा मिनिटांत तपासल्या, एकोणचाळीस रिपोर्ट लिहिले आणि पेनाला टोपण लावलं. सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावलेला होता, एवढं त्यांच्या बाजूनं सांगता येईल.

"झालं, डॉक्टर?" मालूताईंनी विचारलं.

"झालं, मावशी. सगळे नॉर्मल. एकदोघांना जरा अ‍ॅनिमिया."

दवाखान्यात मावशी म्हणतात ती वॉर्डातल्या आयांना. मालूताई ठाकूर तंत्रज्ञ होत्या आणि त्याला सव्वीस वर्षं झाली होती. पेणहून नागोठण्याच्या दिशेला लागणाऱ्या त्या सरकारी दवाखान्यात दर सहा महिन्यांनी शिकाऊ डॉक्टरांची नवी तुकडी यायची आणि रक्ताची काच कशी वाचायची ते मालूताईंकडून शिकून जायची. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. सांगायचं कोणाला सुचलंही नव्हतं.

त्यांची रीत ठरलेली होती. नव्या डॉक्टरानं पहिल्या दिवशी आपलंच बोट टोचायचं, आपल्याच रक्ताची स्लाइड करायची नि ती तासभर बघायची. मग त्या मलेरियाची जुनी स्लाइड लावून द्यायच्या. तांबड्या पेशीत निळी अंगठी, अंगठीला लाल खडा. सापडली की डॉक्टर पोरासारखे ओरडायचे. एका स्लाइडवर शंभर जागा बघायच्या, हा नियम. नव्व्याण्णव जागा स्वच्छ निघाल्या म्हणून उठायचं नाही. "अर्धं सूप निवडून उठलेल्या बाईच्या भातात खडा लागतोच," त्या म्हणायच्या. सव्वीस वर्षांत बावन्न तुकड्या त्यांनी अशा निवडून धाडल्या. त्यातल्याच एक, डॉक्टर सुहासिनी ओक, पंधरा वर्षांनी बढतीवर अधीक्षक होऊन त्याच दवाखान्यात परत आल्या होत्या.

निशिकांतांना पुढच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास होता. सूक्ष्मदर्शकाशेजारी त्यांचं जाडजूड पुस्तक उघडं असायचं. मलेरियाच्या जंतूचं जीवनचक्र त्यांना तोंडपाठ होतं. जंतूशी तोंडओळख तेवढी नव्हती.

मालूताईंना पहिला संशय आला तो तेलावरून. सगळ्यात मोठ्या भिंगाला स्लाइडवर तेलाचा थेंब लागतो; त्याशिवाय नुसतं धुकं दिसतं. निशिकांतांच्या हाताखालून स्लाइड परत यायच्या त्या कोरड्या. तेलाची बाटली महिनाभर होती तेवढीच होती.

आणि मग शकूचं झालं.

शकू गिरजाबाईची मुलगी, दवाखान्यामागच्याच वाडीतली. ती रोज एस.टी.नं जोह्याला गणपतीच्या कारखान्यात जायची. तिथं ती मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची. रंगाला माणसं पुष्कळ मिळतात, आखणीला कारखान्यात एकच हात असतो, नि तो शकूचा होता. आषाढात तिला थंडी वाजून ताप आला. त्या दोन दिवसांत मालूताई नेमक्या रोह्याला बहिणीकडे गेलेल्या. निशिकांतांनी रिपोर्ट लिहिला: मलेरियाचे जंतू नाहीत. तापाच्या गोळ्या घेऊन शकू घरी गेली. तिसऱ्या दिवशी तिला झटके यायला लागले, तेव्हा जीपमध्ये घालून अलिबागला नेली.

मालूताई परतल्या, त्यांनी खोक्यातून तिची स्लाइड काढली. कोरडी ठणठणीत. तेल टाकून भिंग लावलं, तर शंभर जागा बघायची वेळच आली नाही. पहिल्याच जागी एकेका पेशीत दोन-दोन अंगठ्या होत्या.

त्या स्लाइड घेऊन तडक अधीक्षकांकडे गेल्या. डॉक्टर सुहासिनींनी ती बघितली, बराच वेळ भिंगावरचा डोळा काढला नाही. मग म्हणाल्या, की मुलगा हुशार आहे, दीड महिन्यात जाणार आहे, त्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे. त्यांनी निशिकांतांना बोलावून विचारलंसुद्धा. निशिकांतांनी सांगितलं, मी स्लाइड बघितली होती, नंतर तेल पुसलं. पुसलेल्या तेलाला पुरावा नसतो. शकू जगली, हेही त्यांच्या बाजूनं धरलं गेलं.

त्यानंतरचा रविवार गटारीचा होता. उद्यापासून श्रावण, म्हणून घरोघर कोंबड्या कापल्या जात होत्या. मालूताईंचा भाऊ विठू अंगणात आपल्या कोंबडीवर सुरी धरून बसला, तेव्हा मालूताई घरातून काच घेऊन आल्या.

"आता हिला पण मलेरिया झालाय का गो?" विठूनं विचारलं.

"हिला नाय. तू काप."

माणसाच्या तांबड्या पेशी गोल असतात आणि मधे फिक्या, रिकाम्या. कोंबडीच्या लांबट, तांदळाच्या दाण्यासारख्या, नि प्रत्येकीच्या मधोमध जांभळा ठिपका. हे ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नाही. भिंगाला डोळा लावावा लागतो. सोमवारी सकाळी मालूताईंनी अडतीस माणसांच्या स्लाइडमध्ये कोंबडीची ती एकोणचाळिसावी ठेवली. कागदावर नाव लिहिलं: पुतळी, स्त्री, वय वर्षे दोन. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

सतरा मिनिटांनी पुतळीचा रिपोर्ट आला. मलेरियाचे जंतू नाहीत. पेशींची ठेवण नॉर्मल. सौम्य अ‍ॅनिमिया, लोहाचं औषध, तीस दिवस. पुतळी आदल्या दुपारीच तांदळाच्या भाकरीबरोबर संपली होती.

मालूताईंनी आधी बाकीच्या अडतीस स्लाइड स्वतः बघितल्या. दोघांना मलेरिया होता. त्यांना औषध पोचतं केलं आणि मगच रिपोर्ट अधीक्षकांच्या टेबलावर ठेवला.

आता मात्र चौकशी समिती बसली. तीन माणसं, दोन दिवस, चार वेळा चहा. कोंबडीचा केसपेपर कोणी काढला? शासकीय प्रयोगशाळेत पक्ष्याचं रक्त कोणाच्या परवानगीनं आलं? एका सदस्यानं विचारलं, संबंधित कोंबडी सध्या कुठे आहे? मालूताई म्हणाल्या, खाल्ली. ते लिहून घेण्यात आलं. पुरावा नष्ट केल्याचा मुद्दा त्यातूनच निघाला. निशिकांतांना एकच प्रश्न होता: या प्रकारामुळे तुम्हाला मानसिक त्रास झाला का? झाला होता.

मेमो द्यायला डॉक्टर सुहासिनींनी मालूताईंना केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं, बसायला सांगितलं. मालूताई उभ्याच राहिल्या.

"तुमचं चूक आहे असं मी म्हणत नाही, मालूताई. पण कोंबडी आणायची काय गरज होती?"

"आधी माणूस आणलाच होता ना, बाई. शकूची काच तुम्ही याच हातानं धरलीत. तवा समिती बसली नाय. कोंबडीसाठी बसली."

डॉक्टर सुहासिनींनी मेमो पुढ्यात ओढला.

"तुमी पहिली अंगठी बघितलीत तवा रडला होतात," मालूताई म्हणाल्या. "त्या पेशंटाचं नाव मला अजून ठावं हाय. तुमाला?"

त्यांना आठवलं नाही. त्यांनी मेमोवर सही केली. खाली वेगळा आदेश होता: शिकाऊ डॉक्टरांना शिकवणं हे तंत्रज्ञाच्या कामात बसत नाही, यापुढे श्रीमती एम. जी. ठाकूर यांनी फक्त रक्त घ्यावं व स्लाइड रंगवावी; वाचन डॉक्टर करतील. निशिकांत सहा महिने पुरे करून गेले. त्यांच्या दाखल्यावर प्रयोगशाळेच्या कामापुढे 'उत्तम' लिहिलेलं होतं.

गणपती झाल्यावर एके सकाळी गिरजाबाई शकूला घेऊन खिडकीशी आली. पुन्हा ताप. मालूताईंनी शकूचा हात हातात घेतला. बोटं सारखी थरथरत होती, टोचायला एक बोट स्थिर धरवेना. जोह्याला यंदा आखणीला पेणहून दुसरा माणूस आणला होता, गिरजाबाईनं सांगितलं.

"गो मालू, काच तूच बघशील ना?"

मालूताईंनी दोन्ही हातांनी ते बोट घट्ट धरलं, टोचलं, थेंब काचेवर घेतला आणि एका ओढीत असा पातळ, एकसारखा पसरला की बावन्न तुकड्यांत तसा कोणाला जमला नव्हता. वाळवला, रंगवला, धुतला. तेलाची बाटली झाकण काढून शेजारी ठेवली. मग ती स्लाइड तबकात घालून आत नव्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि दाराशी उभ्या राहिल्या.

नव्या डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि पेनाचं टोपण काढलं.

त्या वर्षी दवाखान्याच्या हद्दीतला मलेरिया निम्म्यानं कमी झाला. तशी रजिस्टरात नोंद आहे.