डाव्या बुटावरचे साहेब

शून्याच्या आधी

मेरापी डोंगराच्या पायथ्याशी जिल्ह्याचं गाव. तिथल्या पाणीपुरवठा कचेरीत हजेरीचं यंत्र दारापाशी टांगलेलं असतं आणि कार्डं असतात वेनिंगच्या खणात. अकरा कार्डं. यंत्राला माणूस दिसत नाही, कार्ड दिसतं. सव्वासाताच्या आत अकरा वेळा टिंग वाजलं की कचेरी हजर. माणसं मग सावकाश येतात. कुणी मुलांना शाळेत सोडून, कुणी नाश्ता आटोपून, कुणी साडेनऊला.

यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. खोटं कशाला बोला, तुमच्या-माझ्या कचेरीत तरी कुणाला वाटतं?

वेनिंग सगळ्यांच्या आधी यायची, कारण ती पहाटे पळायची. वर्षभर, भाताच्या बांधाकडेनं, एकटीच. पहिली मॅरेथॉन पळायची होती तिला. वय चौतीस, नोकरी कंत्राटी. सहा वर्षं दर वर्षअखेर नव्या कागदावर नवी सही. ती सही करणारे साहेब म्हणजे पाक हार्जोनो. तिकडे साहेबाला 'पाक' म्हणतात, ताईला 'म्बाक' आणि आजीला 'म्बाह'.

एका सभेत जिल्हाप्रमुखांसमोर पाक हार्जोनो बोलून गेले की यंदा आपणही बेचाळीस किलोमीटर पळणार. टाळ्या पडल्या, पेपरात नाव आलं. साहेब दोन दिवस पळाले, तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसले. मग त्यांनी वेनिंगला आत बोलावलं आणि स्वतःच्या हाताने तिच्यासाठी चहा ओतला. तिथेच तिला कळायला हवं होतं.

"म्बाक वेनिंग, तुम्ही पळणारच आहात. माझी चिप तेवढी बरोबर न्या. कार्डासारखंच ते."

भीड फार वाईट. "हो, पाक," हे तोंडातून आधी बाहेर पडलं. विचार मागून आला, आणि तोवर साहेबांनी बशीतला केळ्याचा तुकडा तिच्यापुढे सरकवला होता.

शून्य

पहाटे साडेचार. चिप म्हणजे बुटाच्या नाडीत ओवायची एक चकती. रस्त्यात ठिकठिकाणी काळे पट्टे अंथरलेले असतात. त्यांच्यावरून बूट गेला की नाव नोंदलं जातं. वेनिंगच्या उजव्या बुटावर वेनिंग होती. डाव्या बुटावर पाक हार्जोनो.

साहेबांनी निळ्या शर्टात जिल्हाप्रमुखांबरोबर फोटो काढला, दोनशे पावलं पळाले आणि मशिदीमागच्या गल्लीत वळून सोतोच्या, म्हणजे गरम रश्शाच्या, टपरीवर जाऊन बसले. एकेचाळीसाव्या किलोमीटरला वेनिंगने त्यांना फोन करायचा. मग ते डोक्यावर पाण्याची बाटली ओतणार, गल्लीतून बाहेर येणार आणि हात वर करून रेषा ओलांडणार. सगळं ठरलं होतं.

डावा, उजवा. साहेब, मी. साहेब, मी.

दहा. वीस. डाव्या टाचेला फोड आला. नाडी चकतीमुळे नीट आवळली जात नव्हती. सोडावी? थांबावं? नको. ऊन चढतंय. पंचवीस. ती स्वतःलाच सांगत होती, नुसती चकती आहे, वजन तरी किती असणार? पण ज्या पळण्याची वर्षभर वाट पाहिली त्यात आपण एकट्या नाही, ही गोष्ट काही केल्या डोक्यातून जाईना.

तीस

तिसाव्या किलोमीटरचा पट्टा एका गावात होता. बायका भाताच्या रिकाम्या लाकडी उखळीवर मुसळांनी ठेका धरत होत्या आणि लग्नसमारंभात बोलणारा गावातलाच एक माणूस ध्वनिक्षेपक हातात धरून पडद्यावरची नावं वाचत होता.

"वेनिंग लेस्तारी आल्या. आणि त्यांच्या अगदी बरोबर, पाणीपुरवठ्याचे साहेब, पाक हार्जोनो."

प्लॅस्टिकच्या स्टुलावरून एक म्हातारी उठली. अंगात ठेवणीतला कबाया, हातात हळद-चिंचेच्या काढ्याची बाटली. तिने वेनिंगच्या मागे पाहिलं. मग आणखी मागे.

"माझा हार्जो कुठाय?" तिने विचारलं. "आत्ता नाव घेतलं की त्याचं."

वेनिंगने खाली मान घातली आणि ती पळत राहिली.

एकतीस

मागून ध्वनिक्षेपक ऐकू येत होता. पाक हार्जोनो यांच्या आई म्बाह सातियेम वाट पाहत आहेत, साहेबांनी कृपया मागे वळून हात करावा. थोड्या वेळाने तोच आवाज बदलला. साहेब पट्टा ओलांडताना कुणालाच दिसले नाहीत, फोन उचलत नाहीत, त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. कुणी पाहिलं असल्यास सांगावं.

फोन ते कसा उचलतील? पळणारा माणूस फोन उचलत नाही, हेही टपरीवर बसून ठरवलेलंच होतं.

मग रुग्णवाहिका आली. हळूहळू, कडेकडेने. एक स्वयंसेवक खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत प्रत्येकाला विचारत होता, निळा शर्ट, बावन्न वर्षांचे गृहस्थ, पडलेले-बिडलेले दिसले का? एकदोघं पळणारे तर उतरून भाताच्या पाटात डोकावून पाहत होते. स्वयंसेवकाने वेनिंगलाही विचारलं.

तिने मान हलवली. नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला 'नाही' म्हणता आलं, आणि ते असं!

बत्तीस

मोरीच्या कठड्यावर एक मनुष्य बसला होता. बसला कसला, कलंडला होता. ओठ पांढरे, दोन वेळा ओकून झालेलं. शेतात काम करणारी एक बाई आपल्या टोपलीसारख्या टोपीने त्याला वारा घालत होती.

"गाडी बोलवा की कुणीतरी," पळणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला.

"गाडी गेली पुढे," ती बाई म्हणाली. "कुणी साहेब हरवलेत म्हणे. ते सापडल्यावर येईल."

वेनिंग उभी राहिली. पुढे दहा किलोमीटर आणि वर्षाची मेहनत. डिसेंबरातली सही. मागे दोन किलोमीटरवर पट्ट्यावरचा पंच, गाडीला परत बोलावू शकेल असा. ज्या माणसाला शोधायला गाडी गेली तो माणूस तर इथे उभा होता, तिच्या डाव्या बुटावर. तिने पाण्याची बाटली त्या बाईच्या हातात दिली, नाडी सोडली, चकती मुठीत घेतली आणि ती उलटी वळली.

एकतीस

समोरून येणारे सगळे हसत होते. "ताई, रेषा तिकडे आहे!" डाव्या बुटाची नाडी लोंबत होती. ती बांधायलाही वेनिंग थांबली नाही.

तीस

मुसळं थांबली होती. म्बाह सातियेम स्टुलावर रडत होती आणि दोघीतिघी तिची पाठ चोळत होत्या. वेनिंग आधी पट्ट्यावरच्या पंचाकडे गेली, गाडी बत्तीसाव्या किलोमीटरच्या मोरीवर पाठवायला सांगितली, आणि मग म्हातारीपुढे मातीत बसून तिने मूठ उघडली.

"म्बाह, तुमचा मुलगा पळतच नव्हता. मीच त्यांना घेऊन पळत होते."

म्हातारीला कळेना. तिने चकती उलटसुलट करून पाहिली. तेव्हा वेनिंगने फोन लावला, आवाज मोठा केला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"आलात एकेचाळीसला? फारच लवकर," पाक हार्जोनोंचा आवाज, आणि मागे चमचा वाडग्यावर आपटल्याचा. "थांबा, एवढा सोतो संपवतो."

म्हातारीने फोन हातात घेतला. "हार्जो, मी तिसावर बसलेय. तू कुठायस?"

चमच्याचा आवाज थांबला. मग साहेब पुटपुटले की आई, ही नुसती रीत आहे, सगळेच करतात, यात कुणाचं काही जात नाही.

"अर्धा तास मी तुला मेलेला समजून रडले," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "त्या रडण्याला माझ्या जागी दुसरं कुणी पाठवलं नव्हतं मी. माझी मीच रडले. इकडे ये. आणि इथून शेवटपर्यंत या पोरीबरोबर चाल."

फोन परत देताना तिने वेनिंगकडे निरखून पाहिलं. "आणि तू गं न्दुक, माझ्या पोरी? कुणीही सांगेल त्याला पायावर बसवून घेतेस? नाही म्हणायला मला पन्नास वर्षं लागली. तू एवढी थांबू नकोस." मग काढ्याची बाटली तिच्या हातात कोंबली. "पी. त्याच्यासाठी होता, पण घाम तुला आलाय."

पंचाने नियम वाचून दाखवला. दोन चकत्या घेऊन पळणारा बाद. त्याने दोन्ही नावांवर काट मारली आणि वेनिंगच्या उजव्या बुटावरची चकतीही काढून घेतली.

आता ती कुणाच्याच पडद्यावर नव्हती. तिने खाली बसून डावी नाडी बांधली, घट्ट, वर्षभर बांधायची तशी, आणि ती निघाली.

बत्तीस ते बेचाळीस

मोरीवरच्या माणसाला सलाईन लावली होती. ओठांना रंग आला होता. वेनिंगला पाहून त्याने दोन बोटं उचलली. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

तेहेतीसला पाक हार्जोनो मोटारसायकलवरून उतरले. निळा शर्ट कोरडा, इस्त्रीच्या घड्यांसकट. ते तिच्याबरोबर चालू लागले. पस्तीसला त्यांना धाप लागली. सदतीसला त्यांनी गुडघा धरला आणि विचारलं, हे असंच दुखत राहतं का? ती म्हणाली, राहतं. एकोणचाळीसला रस्ता वाहनांना खुला झाला आणि मागून ट्रक भोंगे वाजवू लागले.

"तुम्ही याच्या आधी तीस पळून आलात," साहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "आणि ते मी माझे म्हणून सांगणार होतो." थोडं चालून पुन्हा, "सहीची काळजी करत होतात का?"

"हो, पाक."

ते तिच्या आणि ट्रकांच्या मधल्या बाजूने चालू लागले.

रेषेपाशी ते पोचले तेव्हा कमान उतरवत होते. पट्टे गुंडाळलेले. ध्वनिक्षेपक गाडीत चढलेला. उरलं होतं एक प्लॅस्टिकचं स्टूल, आणि त्यावर रुग्णवाहिकेतून लिफ्ट घेऊन आलेली म्बाह सातियेम. तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि मोकळ्या मैदानात हाक दिली. आधी वेनिंगच्या नावाची. मग जरा थांबून, आपल्या मुलाच्या.

सोमवार

सात वाजता मैत्रीण युयुनचा निरोप आला. कार्ड लाव गं, मी बाजारात आहे. वेनिंगने तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी पाठवलं, "आज तूच ये."

यंत्र एकदाच वाजलं. सव्वासाताला कचेरीत एकच माणूस हजर होता, आणि खरोखर हजर होता. सात वीसला पाक हार्जोनो लंगडत आले, स्वतःचं कार्ड मागून घेतलं आणि यंत्राला लावलं. लाल अक्षरं उमटली, उशीर. त्यांनी ती अक्षरं पुरती वाचली, मग उरलेली कार्डं उचलून ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेवली. वर्षअखेरीची सही त्यांनी डिसेंबर उजाडायची वाट न पाहता गुरुवारी केली. कागद स्वतः आणून दिला. या वेळी चहा नव्हता.

नागरिकहो, आपल्या नावाने दुसरं कुणी टिंग वाजवतं, आपण घरी चहा पीत असतो आणि म्हणतो, कुणाचं काय गेलं? गेलं ते मोरीवर कलंडलेल्या माणसाचं, ज्याची गाडी आपल्याला शोधत फिरत होती. ज्याने भिडेपोटी आपलं नाव वाहिलं, त्याचंही गेलं. आपापली कार्डं आजच त्याच्या खणातून काढून घेऊ या. तिसाव्या किलोमीटरवर कुणीतरी स्टूल टाकून आपली वाट पाहत बसलेलं असतं. तिथे नाव पोचून भागत नाही. आपल्यालाच जावं लागतं.