पुसलेला शेवटचा दिवस

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. तळहाताएवढी, काळी, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. मित्रांनो, तुम्हाला माझी दया यावी म्हणून मी बोलत नाही. मला राग आलाय, म्हणून बोलते.

कर्जतच्या अनमने मला माहितीपटासाठी घेतलं. कोंडाणे गावाच्या वरच्या ठाकरवाडीत पारू आणि ठकी या म्हाताऱ्या बहिणी राहत. रानातला कोणता कंद खायचा, कोणता विषारी, हे त्यांना पाठ. किशोर कॅमेरा धरायचा. रोज संध्याकाळी अनम ते कच्चं चित्रण माझ्यात उतरवायची, मग तेच दुसऱ्या डिस्कमध्ये. एकही फाइल तिने कधी हरवू दिली नाही.

ठकी लाजरी. सहा दिवस ती कॅमेऱ्यासमोर फिरकली नाही. सातव्या, शेवटच्या दिवशी मात्र स्वतःहून येऊन बसली आणि विष उतरावं म्हणून कडुकंदाच्या चकत्या राखेच्या पाण्यात उकळून वाहत्या पाण्यात कशा ठेवायच्या, ते तिने सगळं करून दाखवलं. तेवढ्यात वाडीची वीज गेली, लॅपटॉपही बंद पडायला आला. ठकी फक्त माझ्यात उतरली. "दुसरी प्रत उद्या करू," अनम म्हणाली. ते राहूनच गेलं, आणि कॅमेऱ्याचं कार्डही पुढच्या कामासाठी रिकामं केलं. ही चूक तिची, मी झाकणार नाही.

पौषात ठकी तापाने गेली.

संकलन झाल्यावर रंगकामासाठी मला खोपोलीत रोहिदासच्या स्टुडिओत दिलं. कच्चं चित्रण मुद्दाम फिकट टिपतात, पुढे खरा रंग नीट चढावा म्हणून. रोहिदास म्हणाला, "किती मळकट आहे हे!" आणि त्याने त्या उन्हाने रापलेल्या बायकांना चक्क गुलाबी करून टाकलं. कुणी सांगितलं होतं त्याला?

वाडीच्या शाळेत माहितीपट दाखवला. पारू पुढेच बसली होती. पडद्यावर ठकी आली, अकरा सेकंद.

"ही कोन गं?" पारूने विचारलं.

"आजी, ठकीआजी आहे ती," अनम म्हणाली.

"नाय गं. माझी भैन अशी नव्हती."

अनम तशीच खोपोलीला गेली. "रोहिदासदादा, मूळ चित्रण उघडा. मी स्वतः बसते, परत रंग करू."

"मूळ?" तो मान खाजवत म्हणाला. "ते पुसलं ना. फार्महाऊसचं लग्न आलं, जागा नव्हती. पिक्चर तर तयार आहे तुमचा!"

"विचारायचं तरी होतं!"

"अहो, त्या बाईला परत शूट करा की."

अनम मला उचलून बाहेर पडली.

सहा दिवस दुसऱ्या डिस्कमधून परत मिळाले. पारूचा रंग पुन्हा पारूचा झाला. पण जिथे ठकी होती, तिथे आता माझ्या पोटात कुणाची तरी वरात नाचते आहे. ते अकरा सेकंद सावळे करायचा अनमने खूप प्रयत्न केला. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या त्या गुलाबी रंगात आधीच धुऊन निघाल्या होत्या, त्या परत येईनात.

पारूला सांगायला ती मला घेऊनच वाडीवर गेली. पारूने ऐकून घेतलं. मग मला हातात घेतलं, उलटसुलट बघितलं.

"कंद मी परत दावीन गं, रानात हायेत. पन ती ह्याच्यात व्हती ना?"

"होती, आजी."

मित्रांनो, जागा हवी असेल तर दुसरी डिस्क आणा. पुसण्याआधी विचारा, आत कोण आहे. त्या दिवशी मला असं बोलता आलं असतं, तर मी ओरडले असते.