शहाण्णव पायऱ्यांचा कठडा

तापलेला तळहात. पिठाची तीन बोटं. एक अंगठी, घासत जाताना किणकिणणारी. कुणाची तरी चिकट मूठ. ओल्या छत्रीची मूठ, क्षणभर अडकवलेली. इस्त्रीच्या कपड्यांचं ऊबदार गाठोडं. सुईने टोचून टोचून निबर झालेलं बोटाचं टोक.

मित्रांनो, एवढं सगळं एका सकाळी माझ्या अंगावरून जातं. मी एक जुना लोखंडी कठडा आहे. मला डोळे नाहीत. जे कळतं ते हातांवरून, आणि कानावर पडेल त्यावरून.

आमचं गाव पाहायला लांबून माणसं येतात. वर तळं आहे म्हणे, आणि तळ्याकडे जाणारा रुंद रस्ता. पाहुणे त्या रस्त्याने चढतात, त्याच रस्त्याने उतरतात. आमची गल्ली त्याच्या पाठीमागे. शहाण्णव पायऱ्या आणि नुसती घरं. एकदा वाट चुकलेलं एक जोडपं माझ्यावर नकाशा पसरून उभं राहिलं.

"इथे तर काहीच दाखवलेलं नाही," तो म्हणाला.

"मग काही नसेलच," ती म्हणाली, आणि दोघं मागे फिरले. त्या वेळी गल्लीतल्या सतरा घरांत माणसं जेवत होती.

माझा जन्म नळाच्या जुन्या पाईपांतून झाला. ज्याने मला जोडलं तो वेल्डर याच गल्लीत राहायचा. सगळे त्याला ठिणगी म्हणत. जोडकाम करताना वितळलेल्या लोखंडाचे थेंब उरतात. चांगला कारागीर ते घासून काढतो. ठिणगीने ते मुद्दाम ठेवले, तेही घरांच्या दारांसमोर. कुठे एक थेंब, कुठे दोन शेजारी शेजारी, कुठे तीन जवळ जवळ. प्रत्येक दाराची खूण वेगळी. "दिवे गेले तरी ज्याला त्याला आपलं दार हाताला लागलं पाहिजे," असं तो म्हणायचा. लोक हात फिरवून बघत आणि त्याचं कौतुक करत. माझंही करत.

मग वर्षं गेली. ठिणगी गेला. माझा रंग पोपडे धरून उडाला, खालच्या अंगाला गंज चढला, एक खांब तर पार सैल झाला. त्या खांबाची मला फार लाज वाटायची.

आता मावशींबद्दल सांगतो. त्या लोकांचे कपडे शिवायच्या. त्यांचं दार गल्लीच्या बरोबर मध्यावर आहे. पूर्वी चालताना त्यांची फक्त बोटं माझ्यावर टेकायची, उगाच, सोबतीला म्हणून. पुढे पुढे तळहात टेकू लागला. मग त्याचा भार वाढला. त्यावरून मला कळलं की त्यांची नजर जाते आहे. तरी रोज संध्याकाळी त्या वरपासून खालपर्यंत एक फेरी मारत. माझी छाती फुगायची. माझे थेंब आहेत म्हणून मावशी चालतात, असं मी स्वतःला सांगायचो.

आणि एके दिवशी कामगार आले. पाहुण्यांना आता 'जुन्या गावाची पायवाट' दाखवायची होती. ती आमच्या गल्लीतून जाणार होती.

"हे काय गोळे गोळे ठेवलेत? कुणाच्या हाताला खरचटेल," एक जण म्हणाला.

"कामचुकारपणा, दुसरं काय. घास सगळं," दुसरा म्हणाला.

दिवस मावळेपर्यंत ग्राइंडर फिरत होता. ठिणगीची एकही खूण उरली नाही.

त्याच संध्याकाळी मावशींची लेक मोठ्या शहरातून आली. आल्या आल्या दारातच बोलणं सुरू झालं.

"आई, फोनवर धूसर दिसतं म्हणतेस. किती धूसर?"

"तुझ्या लहानपणीच्या अक्षराइतकं."

"थट्टा नको. माझ्या शेजारचीच खोली बघून ठेवलीय मी. लिफ्ट आहे, एकही पायरी चढायला नको."

"आणि मग मी चालू कुठे?"

लेक म्हणाली, "उद्या सकाळी इस्त्रीवाल्या काकांकडून कपडे आणून दाखव. एकटीने. जमलं तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही जमलं तर माझ्याबरोबर यायचं."

"ठरलं," मावशी म्हणाल्या. त्या दिवशी त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या. ग्राइंडरचा आवाज त्यांनी ऐकला असेल, पण माझं काय झालंय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

सकाळी त्यांचा तळहात माझ्यावर आला. थांबला. मागे गेला, पुढे आला. आपल्या दाराची खूण, तीन थेंब, शोधत होता.

"अरे वा," त्या माझ्या कानात सांगितल्यासारखं पुटपुटल्या, "दाढी केलीस वाटतं."

आणि त्या चालू लागल्या.

एकतीस पायऱ्या. मी मोजत होतो. इस्त्रीवाल्याचं दार आलं आणि त्यांचा हात माझ्यावरून उचलला गेला. बरोबर तिथेच. मग दारावर थाप.

"काय रे, आज मुका झालास? एरवी दहा पायऱ्यांवरून हाका मारतोस."

"तुमच्या लेकीने बजावलंय ना, काही बोलायचं नाही म्हणून. हे घ्या कपडे. मी काही बोललो नाही बरं का."

एका हातात गाठोडं घेऊन मावशी वर आल्या आणि आपल्या दाराशी थांबल्या.

"म्हणजे दिसतंय तुला," लेक म्हणाली. तिला हायसं वाटल्याचं आवाजावरून कळत होतं.

मावशींनी फक्त 'हो' म्हणायचं होतं. राहतं घर त्यांना मिळालंच होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. काही म्हणजे काही दिसत नाही."



"मग आत्ता कशी गेलीस?"

"डोळे मीट. हात इथे ठेव. चल."

माझ्यावर दोन हात आले. एक पुढे, एक मागे. दोघी हळूहळू उतरू लागल्या.

"इथे काय लागतंय?"

"गरम आहे."

"भट्टीची भिंत. पलीकडे पाव भाजतात. दुपारपर्यंत हा असाच ऊबदार राहतो."

बारा पायऱ्या.

"आता?"

"थरथरतोय."

"सरांच्या घरातला पाण्याचा पंप. पंप बंद असेल तेव्हा सरांचा रेडिओ."

पाच पायऱ्या.

"इथे एकदम गार."

"दोन घरांमधली फट. तळ्यावरचा वारा इथूनच येतो. पाहुणे त्याच्यासाठी तासभर चढतात. आपल्याकडे तो आपल्या पायांनी येतो."

मग लेकीचा हात दचकला. "आई, हा हलतोय."

"सैल खांब. खांब हलला की समोर इस्त्रीवाला."

लेक तिथेच थांबली. डोळे मिटलेलेच असावेत, कारण तिची पकड सैल झाली नव्हती. "हे सगळं तुला कधी कळलं?"

"नीट दिसत होतं तोवर मी घाईत असायचे."

लेक म्हणाली, "विषय काढणार नाही म्हणाले होते, तर नाही काढत. पण रोज संध्याकाळी फोन करशील. आणि मी दर पंधरा दिवसांनी येणार."

"ये. बॅग हलकी आण, पायऱ्या आहेत."

मित्रांनो, मी थक्क झालो, तो अजून तसाच आहे. माझे थेंब वाट दाखवतात, या भ्रमात मी इतकी वर्षं काढली. भट्टीची ऊब, सरांचा पंप, तळ्यावरचा वारा, सगळी गल्ली माझ्या अंगातून वाहत होती, आणि माझं मलाच माहीत नव्हतं. ज्या खांबाची मी लाज धरली, त्याच्यावर एका बाईचं घर टिकलं.

तो खांब कधीतरी घट्ट करावाच लागेल, नाहीतर कुणीतरी पडेल. जरूर करा. माझा गंज काढा, मला रंग द्या. फक्त हत्यार लावण्याआधी मावशींच्या दारावर एक थाप मारा. कुठलीही जुनी वस्तू दुरुस्त करायला घ्याल, तेव्हा आधी विचारा, की हिच्यावर रोज कुणाचा हात असतो.

मला पहिला रंग दिला, तेव्हा तो मावशींनी निवडला होता. हिरवा.