आठ टक्क्यांची सही

"मामा, आमच्या कर्जात तुम्हाला किती सुटतात?"

दीपमालानं विचारलं आणि मांडवाखालच्या पंगतीत बट्टी कुस्करणारे हात जागच्या जागी थांबले. प्रश्न खरं तर तिच्या मैत्रिणीचा, अर्शीचा. ट्यूशनच्या जिन्यात अर्शी आणि अफरीननं तिला डिवचलं होतं, "अकरावी कॉमर्सला पहिली आलीस ना? मग भर पंगतीत विचारून दाखव! नाहीतर भित्री भागूबाई." गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानाही दीपमालाचा आवाज घशात अडकायचा. गॅदरिंगला निवेदन केलं, टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून पोरीची जीभ नुसती कात्रीसारखी चालत होती.

शिरपूरच्या बाहेर, नव्या प्लॉटवर जोतं भरून झालं होतं. आज चौकट बसवायची. चौकटीला माहेरचा भाऊ आहेर आणतो, तसा कुंदनमामा आला होता. दीपमालाच्या आईला, सुनंदाबाईला लुगडं, वडिलांना, प्रेमराजला टॉवेल-टोपी. आणि आहेराच्या ताटामागोमाग लीलाधरलाही घेऊन आला होता. हा लीलाधर एका खाजगी फायनान्स कंपनीचा माणूस. काखेत फाईल, खिशात तीन पेनं.

जिनिंगमध्ये फिटर असलेल्या प्रेमराजनं नवी टोपी डोक्यावर घातली आणि तिथंच फसला. बँकेचा साडेनऊ टक्क्यांचा मंजूर कागद घरी कपाटात पडून होता. पण मेहुण्याची टोपी घातलेल्या डोक्यानं त्याच मेहुण्याला नाही कसं म्हणायचं? शिवाय हे लोक आठच टक्के सांगत होते. टक्का कमी तर कर्ज स्वस्त, इतकं तर शेंबडं पोरही सांगेल.

शेंबडं पोर सांगेल, पण दीपमाला नाही सांगणार. तिनं ट्यूशनच्या सरांसमोर दोन्ही कागद ठेवून हिशेब मांडला होता.

"नाना, बँकेचं व्याज उरलेल्या मुद्दलावर. तुम्ही फेडत जाल तसं ते कमी होतं. यांचं आठ टक्के पंधरा वर्षं पूर्ण बारा लाखांवर! शेवटच्या महिन्यातही बारा लाखांवर! जवळजवळ चार लाख जास्त जातात. ते कुणाच्या घशात, एवढंच विचारते मी."

पंगतीत कुणीतरी हसलं. ते हसू कुंदनला झोंबलं. त्यानं लीलाधरकडून पन्नास हजार आधीच उचलले होते आणि त्या पैशांतून घेतलेली मोटारसायकल बाहेर बाभळीखाली उभी होती.

"लई शानी व्हयनी का तू?" तो उठला. "मी काय चोर शे का?"

"मग आकडा सांगा ना."

थप्पड अशी बसली की तिच्या कानात शिट्टी वाजली. ओठ दातावर फाटला आणि तोंडात रक्ताची खारट चव पसरली. ती धडपडून उठेपर्यंत प्रेमराजनं मेहुण्याची कॉलर धरली होती. सुनंदाबाई "भाऊ, नको! भाऊ!" म्हणत मध्ये शिरली, तिला कुंदननं कोपरानं ढकललं. ती वरणाच्या पातेल्यावर पडली आणि कढत वरण तिच्या पायावर सांडलं.

मग कुंदनच्या हाताला कॉलमची सळई लागली.

पहिला वार प्रेमराजनं हातावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज दीपमालाला ऊस कडाकड मोडावा तसा ऐकू आला. दुसऱ्या वारासाठी सळई वर गेली.

चौकटीला हसीब मिस्त्रीचा ओळंबा लटकत होता. दीपमालानं तो दोरीसकट ओढला, गरगर फिरवला आणि सोडला. ते मूठभर लोखंड मामाच्या जबड्यावर बसलं. मामा गुडघ्यांवर आला. सळई हातातून सुटून फरशीच्या ढिगावर खणखणली. तोंडातून रक्त आणि दोन दात ओल्या सिमेंटवर पडले.

तिथं थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. तिनं पुन्हा फिरवला, पुन्हा मारला, आणि तेव्हा तिच्या छातीत जे उसळलं ती भीती नव्हती. टाळ्यांच्या वेळी उसळलं होतं तसंच काहीतरी होतं. हसीब मिस्त्रीनं तिला कमरेत धरून उचललं.

"बेटी, सोड! मरेल तो!"

दुपारी सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात प्रेमराज उजव्या हाताला प्लास्टर घालून बाकावर बसला होता. सुनंदाबाईच्या पायावर मलम. दोघांच्या मध्ये दीपमाला, हाताची बोटं बघत. नखांत अजून सिमेंट होतं.

कुंदनची बायको बेबामामी आली. मागे फाईल घेऊन लीलाधर.

"जबडा दोन जागी मोडला त्यांचा," मामी म्हणाली. "तारेनं बांधलाय. बोलता येत नाही, पाटीवर लिहून दिलंय. सही करा, पोलिसात जाणार नाही. नाही केली, तर केस पोरीवर. बघा बाई, नणंद आहात म्हणून सांगते."

"माझा हात..." प्रेमराज म्हणाला.

"डाव्या हाताचा अंगठा चालतो," लीलाधरनं शाईचा डबा उघडला. "बठ्ठा कागद तयार शे, सगळं भरलेलं."

सुनंदाबाईनं पदरात तोंड खुपसलं. एका बाजूला पाठचा भाऊ, दुसऱ्या बाजूला पोटची पोर. "करून टाका," ती म्हणाली. "चार लाख जाऊ द्या. पोरीचं नाव ठाण्यात नको."

प्रेमराजनं डावा अंगठा शाईत बुडवला. रात्रपाळ्या करून प्लॉट घेणारा हा माणूस आता पंधरा वर्षं मेहुण्याच्या मोटारसायकलीचे पैसे फेडणार होता, तेही तिच्यामुळे. दीपमालानं त्याचं मनगट धरलं. ते कागदापासून दूर ओढलं.

"नाना, अंगठा पुसा. आई, तूही ऐक." तिचा आवाज फुटला, तरी व्हरांडाभर ऐकू गेला. "मी पोलीस ठाण्यात चालले. मामानं तुमचा हात मोडला ते सांगणार, आणि त्याचा जबडा मी मोडला तेही सांगणार. पहिला वार तुम्हाला वाचवायला होता. दुसरा नव्हता. तो पडलेला होता आणि मी मारला, मला मारावासा वाटला, हेसुद्धा सांगणार. जे व्हायचं ते माझं होईल. पण मला वाचवायला हे कर्ज घ्यायचं नाही. उद्या तुम्ही दोघं बँकेत जा. मी ठरवलंय."