डावीकडचं प्रूफ

छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या बाईंच्या कॉम्प्युटरला कोणीतरी हात लावत होतं, एवढं नक्की. बाईंची वीस वर्षांची रीत ठरलेली: प्रूफ डावीकडच्या विंडोत, मूळ मजकूर उजवीकडच्या, दोन्ही अगदी खेटून. आणि गेला आठवडाभर डबा खाऊन यावं, तर प्रूफ उजवीकडे! आपोआप होतं काय असं?

संशय कोणाचा, तर शेजारच्या टेबलावर पानं लावणाऱ्या मांडणीवाल्याचा. हा पठ्ठ्या एकच विंडो पडदाभर पसरून काम करणारा. याला दुसऱ्याच्या मांडणीत नाक खुपसायचं कारण काय? कारण बाईंना पक्कं ठाऊक होतं. महिनाअखेरीस दोघांपैकी एकालाच ठेवणार, असं मालक बोलले होते. बाईंच्या चुका हेरायच्या आणि मालकांच्या कानाला लागायचं, दुसरं काय! वर ताई-ताई करत चहा विचारायचा. बाईंना हल्ली त्या चहाचाही भरवसा वाटेना.

शुक्रवारी डब्याच्या सुट्टीत त्या उठल्या खऱ्या, पण कागदांच्या गठ्ठ्यांमागे दबा धरून बसल्या. गुडघे नुसते बोंबलत होते. पाचच मिनिटांत स्वारी त्यांच्या खुर्चीत हजर. बाई तरातरा पुढे आल्या. पोटावर पाय देतोस, लाज नाही वाटत, असं नाही नाही ते बोलल्या.

तो खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, महिनाभर तुमच्या चुका राहताहेत. ओळीच्या सुरुवातीच्या, रोज. मीच काढतोय त्या, मालकांना कळू नये म्हणून. म्हटलं, प्रूफ उजवीकडे ठेवलं तर दिसेल तुम्हाला."

हाही याचा डावच असणार. बाईंनी तसं तोंडावर सुनावलं.

त्याने त्यांना खुर्चीत बसवलं. समोर पडद्याकडेच बघा, मान हलवू नका, म्हणाला आणि त्यांच्या डाव्या हाताला जाऊन उभा राहिला.

"किती बोटं आहेत, सांगा."

बाई वाट बघत राहिल्या. चांगलाच बनवतोय हा मला, असं वाटून त्या वैतागल्या.

"अरे, आधी हात तर वर कर."

बाईंनी मान वळवली. त्याचा हात केव्हाचा त्यांच्या डाव्या डोळ्याजवळ होता, पाचही बोटं उघडी.