तीन वाटे

गाडी फाटकापाशी थांबली तेव्हा त्याच्या मुठीतल्या नोटा घामाने मऊ पडल्या होत्या. इस्पितळातून निघाल्यापासून त्या तिथेच होत्या. किती द्यावेत, कधी द्यावेत, बायको उतरण्याआधी की नंतर, याचा घोळ त्याने पाऊण तास मनात घातला होता. शेवटी पुढच्या सीटच्या बाजूने त्याने मूठ सरकवली आणि म्हणाला, "साहेब, पेट्रोलचे."

मोटार चालवणाऱ्या टीसींनी आरशातून पाहिलं. "खिशात ठेवा ते. मी टॅक्सी चालवत नाही."

आवाज चढलेला नव्हता, तरी तो इतका ओशाळला की आभार मानायचेही राहून गेले.

तो पाणीखात्यात मीटर वाचायचं काम करी. सव्वीस वर्षं जिन्यांखाली, कुंड्यांच्या आड वाकून त्याने आकडे टिपले होते. लोक त्याला मीटरवाले म्हणत. नाव विचारायची कुणाला गरज पडली नव्हती. कुणाच्या दारचा चहा तो घेत नसे. चहा घेतला की हळूच आकड्याचं बोलणं निघतं, हा अनुभव. वरच्या मजल्यावरचे टीसी रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटेच राहत. फुकट्यांना गाडीतून उतरवण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि आता आपल्या जुन्या मोटारीतून या दोघांना फुकट न्यायला निघाले होते. बायकोच्या पोटातल्या गाठीवर किरणांचे उपचार ठरले होते. पंचवीस दिवस, रोज, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. जिन्यात ओझरतं बोलणं झालं तेव्हा टीसी म्हणाले होते, उद्यापासून आठ वाजता खाली या.

त्या संध्याकाळी बायको पलंगावर पडल्या पडल्या म्हणाली, "अहो, असं हातात कोंबतात का कुणाच्या?"

मग कसं देतात, असं त्याने विचारलं. ते तिलाही सांगता येईना. एखादी वस्तू नेऊन द्यावी तर परतफेड केल्यासारखी दिसणार, काहीच देऊ नये तर पंचवीस दिवस मान खाली घालून बसायचं. उद्या बसने जाऊ, असं त्याने ठरवून टाकलं. दमली की ती वाद घालत नसे, आणि हल्ली ती कायमच दमलेली असे.

दुसऱ्या दिवशी बसने गेले. बस दोनदा बदलावी लागली. येताना दुसऱ्या थांब्यावर ती खांबाला धरून ओकत राहिली आणि रांगेतली माणसं जरा सरकून उभी राहिली. एका हाताने तो तिची पाठ चोळत होता, दुसऱ्यात तिची फाईल होती. आपला मान सांभाळण्यापायी आपण हिला इथे आणून उभं केलं, हे त्याला तिथे कळलं. बस मात्र आणखी अर्धा तास आली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी टीसी दारात उभे. काल आपण वीस मिनिटं खाली थांबलो होतो, एवढंच ते म्हणाले. त्याला माफी मागायची होती. तोंडून भलतंच आलं.

"साहेब, मला फुकट बसता येत नाही."

टीसी त्याच्याकडे बघतच राहिले. नोकरीभर त्यांनी याच्या नेमकं उलट ऐकलं असणार. मग ते खुर्चीत बसले, पाणी मागून घेतलं आणि सांगितलं, की भाडं घेणार नाही, वाटणी घेईन. माणसं तीन, पेट्रोलचे वाटे तीन. परत आल्यावर रोजच्या रोज द्यायचे. आगाऊ नाही, उधार नाही.

त्याला ते पटेना. मोटार आमच्यासाठी निघते, मग सगळे आम्हीच द्यायला हवेत, असं त्याचं म्हणणं.

"म्हणजे मी काय मोटारीमागून धावत येऊ?" टीसी म्हणाले.

बायको दाराला टेकून उभी होती. ती हसली. कितीतरी आठवड्यांनी त्याने तिचे दात पाहिले.

पुढे सगळं नेमाने चाललं. मागच्या सीटवर ती त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राही. एकदा तिने टीसींना विचारलं, की बिनतिकिटाचा माणूस ओळखायचा कसा. तो आपल्याकडे बघून आधी हसतो, असं ते म्हणाले, आणि पुढचा सिग्नल येईपर्यंत ती डोळे मिटून हसत होती. परतल्यावर तो दोन वाटे देई. टीसी मोजून घेत, सुटे परत करत. त्या पैशांमुळेच त्याला वाटेत औषधाच्या दुकानापाशी जरा थांबा, असं न संकोचता म्हणता येऊ लागलं.

एकोणिसाव्या दिवशी डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं. तोही तिथेच राहिला. टीसी एक दिवसाआड धुतलेले कपडे घेऊन येत, बाकावर तासभर बसून जात. त्या फेऱ्यांचे पैसे त्याने काढले, तर म्हणाले, त्यात तुम्ही बसला नव्हता. तिथल्या बाराव्या दिवशी पहाटे ती गेली. तिला घरी आणायला इस्पितळाची गाडी मिळाली. गाडीचं भाडं ठरलेलं होतं. त्याने ते दिलं, पावती घेतली.

आठ दिवसांनी निरोप आला, की तिचं सामान तिथल्या कपाटात राहून गेलं आहे. टीसींनी मोटार काढली. तो मागेच बसला. येताना त्याच्या शेजारी एक कापडी पिशवी होती. तिच्यात चष्मा, शाल, कंगवा आणि कागदात गुंडाळलेल्या चपला.

फाटकापाशी उतरून त्याने खिडकीतून नेहमीसारखे दोन वाट्यांचे पैसे दिले. टीसींनी मोजले. मग त्यातले काही वेगळे काढून त्याच्यापुढे धरले.

"आज आपण दोघंच होतो. हे जास्त आहेत."

"असू द्या," तो म्हणाला. "तिचंच सामान आणायला गेलो होतो."

टीसींचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी सगळे पैसे खिशात ठेवले, खाली उतरून मागचं दार उघडलं, सीटवरची पिशवी दोन्ही हातांनी उचलली, आणि ती छातीशी धरून त्याच्या पुढे जिना चढू लागले.