चार लाटांचं भूत

बालीतल्या त्या मुलाम्याच्या कारखान्यात यंत्र कण्हतंय म्हटल्यावर अख्खा गाव दारात लोटला. आत बालियान, म्हणजे तिथला भगत, यंत्रापुढे फुलं-भात मांडून बसलेला.

"रामी, सोड तबक," तो म्हणाला.

कारखान्यातल्या कामगार रामीने देवळासाठीचं पितळी तबक चांदीच्या द्रावणाच्या हौदात टांगलं. यंत्र घुमायला लागलं. तिने ते काढलं आणि यंत्र गप्प.

"हिच्या हातून खातं ते. ही चेटकीण आहे. आजच गावाबाहेर काढा," बालियान म्हणाला.

रामीचा धाकटा भाऊ सुआर्ता तंत्रशाळेत मास्तर. तो शाळेचा ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारं उपकरण, काखोटीला मारून धावत आला. त्याने उपकरणाच्या तारा यंत्राला जोडल्या.

"मालक, आता तुम्ही टांगा बघू," तो म्हणाला.

मालक गुस्ती रका यांनी तबक सोडलं. यंत्र तसंच घुमलं.

"अगंबाई, मालकही चेटकेच की," एक म्हातारी पुटपुटली. लोक हसले. सुआर्ताला धीर आला.

"पडद्यावर बघा. वीज तीन तारांतून येते, तिन्ही पाठोपाठ हेलकावतात. वीज एकाच दिशेने सोडणारे सहा डायोड मिळून त्यांचे नुसते माथे पुढे धाडतात. फेऱ्याला सहा लाटा हव्यात. मोजा."

"चार," म्हातारी म्हणाली. "मग खड्डा."

"एक डायोड जळलाय, त्याच्या दोन लाटा गेल्या. ओढ एकांगी झाली म्हणून ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो. तबक हौदात असलं तरच वीज वाहते, काढलं की थांबते. या भगत महाराजांनी एवढंच हेरलं, बाकी सगळी बडबड."

त्याने डायोड बदलला. पडद्यावर सहा लाटा आल्या, गुरगुर थांबली. बालियानने जळका डायोड शांतपणे चिमटीत उचलला.

"भूत मी यातच कोंडलं होतं. मास्तरांनी नुसतं बाहेर काढलं."

लोकांनी हात जोडले, म्हातारीनेसुद्धा. सुआर्ताने कपाळाला हात लावला.

"मालक, ताईला कामाला लागू दे ना," तो अजीजीने म्हणाला.

"मला कळतंय रे. पण एकदा चेटकीण म्हटल्यावर तिच्या हातचं तबक देवळात कोण नेईल?"

"चल, सुआर्ता," रामी म्हणाली. "यांना नको झालेय मी."

तो तिच्यामागून निघाला.

वाचकहो, यंत्र दुरुस्त झालं, रामी मात्र गावाला मुकली. उद्या तुमच्या दारात कुणी कुणाकडे बोट दाखवलं, तर हात जोडण्याआधी तेच काम दुसऱ्या कुणाला तरी करायला लावून बघा. आणि डोळ्यांनी जे दिसेल, ते घरी गेल्यावरही विसरू नका.